कल्चर प्लेट मोडीत काढण्याची घाई

सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदांत, यंत्रविक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत आणि आता रुग्णालयांच्या खरेदी समित्यांतही एक युक्तिवाद हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. रोगकारक यीस्ट ओळखण्यासाठी लागणारा सॅबुरो अगार, कॉर्नमील अगार, रंगीत कॉलनी देणाऱ्या क्रोमोजेनिक प्लेट, साखरेच्या नळ्या हा सगळा पसारा जुना झाला, असे त्याचे सार. मॅल्डी-टॉफ यंत्रात कॉलनीचा ठिपका ठेवला की काही मिनिटांत नाव हाती येते, पीसीआरला तर कॉलनीसुद्धा लागत नाही. मग दोन-दोन, तीन-तीन दिवस प्लेटकडे डोळे लावून बसायचे कशाला? या युक्तिवादाला एक शेपूटही आहे, ते उघडपणे कुणी बोलत नाही, पण व्यवहारात सर्रास दिसते. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी ‘यीस्ट वाढले’ किंवा फार तर ‘कँडिडा स्पीशीज’ एवढे रिपोर्टवर लिहून मोकळे व्हावे, असा तो अलिखित नियम. म्हणजे यंत्र असेल तिथे माध्यमांची गरज नाही आणि यंत्र नसेल तिथे माध्यमांत अर्थ नाही. या दोन्ही बाजू मला मान्य नाहीत. यंत्र वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. ज्या प्रयोगशाळेला ते परवडते तिने ते जरूर घ्यावे. पण यीस्टला दिलेले नाव बरोबर आहे की नाही हे तपासायला स्वतंत्र साक्ष लागते, आणि ती साक्ष आजही प्लेटवरच मिळते. गेल्या पंधरा वर्षांतल्या सर्वांत गाजलेल्या यीस्टचा इतिहास नेमका हेच सांगतो.

आधी प्लेट म्हणजे काय ते नीट पाहू, कारण तिला मोडीत काढणाऱ्यांच्या मनात ती केवळ बुरशी वाढवण्याची बशी असते. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ रेमाँ सॅबुरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपले माध्यम बेतले. त्यात साखर भरपूर, आज वापरतात त्या पाठात लिटरला ४० ग्रॅम, आणि पीएच ५.६ च्या आसपास, म्हणजे आंबटसर. बहुतेक जिवाणूंना हा आंबटपणा मानवत नाही, बुरशीला चालतो. म्हणजे माध्यम पहिल्याच पायरीला चाळणीचे काम करते. पुढे त्यात क्लोरॅम्फेनिकॉलसारखी प्रतिजैविके घालून ही चाळणी आणखी बारीक केली गेली. सायक्लोहेक्झिमाइड घातले की हवेतून आलेल्या पुष्कळ बुरशी थांबतात. पण क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि कँडिडाच्या काही प्रजातीही थांबतात, अल्बिकन्स मात्र वाढतो. हे ठाऊक नसलेल्या तंत्रज्ञाने तेवढी एकच प्लेट लावली तर मेंदूज्वराचा कारक त्याच्या हातून निसटेल. ठाऊक असलेल्याला त्याच न वाढण्यातून माहिती मिळते. प्रत्येक माध्यम असा एकेक नेमका प्रश्न त्या पेशीला विचारत असते: तुला ही साखर पचते का, हे औषध सोसते का, या तापमानाला तू जगतोस का, अन्न तुटपुंजे असले की तू कोणते रूप घेतोस?

यातला शेवटचा प्रश्न कॉर्नमील अगार विचारतो. मक्याच्या पिठाचा काढा, अगार आणि थोडे ट्वीन ८०, एवढेच त्याचे घटक. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रोडा बेनहॅम यांच्यासारख्या संशोधकांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात या गरीब माध्यमाचा उपयोग दाखवून दिला. भरपूर साखरेत सगळेच यीस्ट सारखे दिसतात, पांढरट, मऊ, मलईसारखे; उपासमार झाली की त्यांचे स्वभाव उघडे पडतात. २५ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून, वर कव्हरस्लिप टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर कँडिडा अल्बिकन्सच्या तंतूंच्या टोकांना जाड भिंतीचे गोल क्लॅमिडोस्पोअर दिसतात. ट्रॉपिकॅलिसचे लांब आभासी तंतू आणि त्यांच्या कडेने विखुरलेल्या पेशी वेगळ्या, क्रुसेईच्या विस्कटलेल्या काड्यापेटीसारख्या लांबट पेशी वेगळ्या, आणि ग्लॅब्राटाला तर तंतूच येत नाहीत. याच्या जोडीला जर्म ट्यूब चाचणी: रक्तद्रवात कॉलनीचा कण घालून ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवला की अल्बिकन्सला कोंब फुटतो, आणि कोंबाच्या मुळाशी आकसलेपण नसते. तिला लागणारा खर्च नगण्य म्हणावा इतका. १९९४ मध्ये ऑड्स आणि बर्नार्ट्स यांनी क्रोमअगार कँडिडा या रंगीत माध्यमाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर यीस्टच्या विकरांवर रंगद्रव्य जोडलेले रेणू वापरून अल्बिकन्स हिरवा, ट्रॉपिकॅलिस निळा, क्रुसेई गुलाबी आणि खरबरीत असे दाखवणाऱ्या प्लेट जगभर गेल्या. मुंबईतली हायमीडिया कंपनीही अशी माध्यमे बनवते.

आता कँडिडा ऑरिसकडे वळू. २००९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी एका वृद्ध रुग्णाच्या कानातून मिळालेल्या यीस्टचे वर्णन नवी प्रजाती म्हणून केले. २०११ मध्ये दक्षिण कोरियातून रक्तात हाच यीस्ट सापडलेल्या तीन रुग्णांची नोंद आली, आणि त्यातली धक्कादायक बाब अशी की व्हायटेक २ या स्वयंचलित यंत्राने त्याला कँडिडा हेम्युलोनी म्हटले होते, तर एपीआय २०सी या साखरचाचण्यांच्या तयार पट्टीने ऱ्होडोटोरुला ग्लुटिनिस. २०१३ मध्ये दिल्लीच्या दोन रुग्णालयांतले १२ रुग्ण प्रसिद्धीस आले. तिथेही यंत्राने हेम्युलोनीच सांगितले होते, जनुकीय अनुक्रम पाहिल्यावर ऑरिस निघाला आणि सगळे नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हते. इतर कंपन्यांच्या यंत्रांनी कुठे फॅमाटा म्हटले, कुठे लुसिटानिए, कुठे पॅरासायलोसिस. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयांना सावध केले, २०१७ मध्ये आपल्या आयसीएमआरने सूचना काढली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशीजन्य रोगकारकांची यादी केली तेव्हा ऑरिसला सर्वोच्च धोक्याच्या चौघांत बसवले. एका रुग्णाच्या त्वचेवरून दुसऱ्याच्या खाटेवर सहज जाणारा, पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकणारा आणि औषधांना न जुमानणारा हा यीस्ट, आणि त्याची ओळख कित्येक ठिकाणी चुकीच्या नावाने फाइलला लागत राहिली.

इथे बारकाईने पाहायला हवे. यंत्राने किंवा पट्टीने ऱ्होडोटोरुला हे नाव दिले त्या क्षणी टेबलावरच्या प्लेटवर काय होते? ऱ्होडोटोरुलाच्या कॉलनी गुलाबी-नारिंगी असतात. दुरूनही ओळखू येतात. युरिएज चाचणीत तो माध्यमाचा रंग गुलाबी करतो. ऑरिसची कॉलनी पांढरट, युरिएज निगेटिव्ह. म्हणजे नाव चुकीचे आहे याचा पुरावा हाताशी होता, डोळ्यांना दिसत होता. यंत्राने पॅरासायलोसिस म्हटले असेल तर कॉर्नमीलवर तंतू दिसायला हवे होते. ऑरिसला बहुधा ते येत नाहीत. हेम्युलोनी म्हटले असेल तर ४२ अंशांवर वाढ होता कामा नये. ऑरिस त्या तापमानालाही वाढतो. हे तर्क माझे नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुन्या ओळख-पद्धती वापरणाऱ्या प्रयोगशाळांसाठी जो तक्ता दिला, त्याचाच हा आधार आहे: पट्टीने ऱ्होडोटोरुला सांगितले आणि लाल रंग दिसत नसेल तर ऑरिसचा संशय घ्या, पॅरासायलोसिस, लुसिटानिए किंवा ग्विलिअरमॉंडी सांगितले आणि कॉर्नमीलवर तंतू नसतील तर ऑरिसचा संशय घ्या. ज्या माध्यमाला संग्रहालयात पाठवायची भाषा चालली आहे, तेच माध्यम स्वयंचलित यंत्राच्या चुका पकडण्याचे अधिकृत साधन ठरले, हे माध्यमविरोधकांच्या मांडणीत कधी येत नाही.

यावर उत्तर तयार असते: ती यंत्रे जुन्या पिढीची, साखरा आणि विकरांवर चालणारी, मॅल्डी-टॉफ प्रथिनांचा ठसा पाहते, तिच्या संग्रहात आता ऑरिस आहे, मग प्रश्न मिटला. मिटला तो ऑरिसपुरता. मॅल्डी-टॉफसुद्धा समोरचा ठसा आपल्या संग्रहातल्या ठशांशी जुळवते. संग्रहात जे नाही ते तिला दिसत नाही, आणि सुरुवातीला तिच्याही संग्रहात ऑरिस नव्हता. रक्तातून थेट कँडिडा शोधणारी टी२ ही चाचणी तर पाचच प्रजाती पाहते. ज्या यीस्टचे नाव आपल्याला अजून माहीत नाही, किंवा माहीत असून ते माणसाला त्रास देईल असे वाटत नाही, त्याचे काय? १९९६ ते १९९८ या काळात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या बालविभागात पिकिया ॲनोमाला या यीस्टची साथ आली, ३७९ नवजात आणि लहान मुलांना त्याचा संसर्ग झाला. पाच प्रजातींच्या त्या यादीत तो नाही. भारतातल्या अतिदक्षता विभागांत असे अनपेक्षित यीस्ट युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त भेटतात, आणि यंत्रांचे संग्रह व जनुकीय चाचण्यांच्या याद्या प्रामुख्याने तिकडच्या गरजांवर बेतलेल्या असतात. ऑरिसनंतरचा यीस्ट केव्हा येईल ते सांगता येणार नाही; पण आला तर पहिल्यांदा तो कुठल्यातरी चुकीच्या नावानेच येईल, आणि त्या नावाशी न जुळणारी कॉलनी, न जुळणारे तंतू, न जुळणारे तापमान हीच त्याची पहिली खूण असेल.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेबाहेरून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून येतो. कँडिडा आहे एवढे कळले की पुरे, फ्लुकोनॅझोल सुरू करतो, प्रजाती कळून काय फरक पडतो? ज्या काळी रक्तातला कँडिडा म्हणजे बहुतेकदा अल्बिकन्स असे समीकरण होते, त्या काळात हे चालून गेले असेल. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांत रक्तातल्या कँडिडाचे १,४०० रुग्ण तपासणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ट्रॉपिकॅलिस ४१.६ टक्के होता आणि अल्बिकन्स २०.९ टक्के. क्रुसेई फ्लुकोनॅझोलला जन्मजात प्रतिरोधी आहे. ग्लॅब्राटाला जास्त मात्रा लागते, तीही खात्रीची नाही. ऑरिसचे बहुतेक नमुने प्रतिरोधी असतात. कुणी म्हणेल, मग सरसकट एकायनोकँडिन द्या. पण क्रिप्टोकॉकस आणि ट्रायकोस्पोरॉन यांच्यावर ते चालत नाहीत, आणि हे दोघेही ‘यीस्ट वाढले’ या एका शब्दाखाली बिनबोभाट जाऊ शकतात. औषध-संवेदनशीलता थेट तपासली की नावाची गरज उरत नाही, हा त्यातलाच आणखी एक गैरसमज. संवेदनशील कोणते आणि प्रतिरोधी कोणते हे ठरवणारे आकडे प्रजातीनुसार वेगवेगळे असतात. तीच मात्रा एका प्रजातीसाठी दिलासा देणारी, तर दुसरीसाठी धोक्याची. नाव माहीत नसेल तर संवेदनशीलतेच्या आकड्याला अर्थच लागत नाही.

मात्र सगळ्या यीस्टची ओळख पटवत बसावे असा याचा अर्थ घेऊ नये. थुंकीत किंवा कृत्रिम श्वासनलिकेतून काढलेल्या स्रावात कँडिडा सापडणे हे बहुतेकदा तिथे वस्तीला आलेल्या पाहुण्याचे लक्षण, फुप्फुसाच्या आजाराचे नव्हे. मूत्रनलिका घातलेल्या रुग्णाच्या लघवीतही तेच. अशा नमुन्यांवर प्रजातीचा घोळ घालणे म्हणजे पैसा आणि कष्ट वाया घालवणे. शिवाय रिपोर्टवर मोठे लॅटिन नाव पाहून कुणीतरी उगाच बुरशीनाशक लिहून देईल ही भीती वेगळीच. अपवाद ऑरिसच्या शोधाचा, कारण तिथे प्रश्न त्या रुग्णाच्या उपचाराचा नसून शेजारच्या खाटांचा असतो. रक्त, मणक्यातले पाणी, पोटातले किंवा सांध्यातले निर्जंतुक असायला हवे असे द्रव, डोळ्यातला नमुना, इथे मात्र ‘कँडिडा स्पीशीज’ हा अर्धवट रिपोर्ट म्हणजे प्रयोगशाळेने काम अर्ध्यावर सोडल्याची कबुली.

माध्यमविरोधकांचा एक आरोप मात्र खरा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. क्रोमोजेनिक प्लेटने काही प्रयोगशाळांना आळशी केले. हिरवा दिसला की अल्बिकन्स, निळा दिसला की ट्रॉपिकॅलिस, बाकी जे असेल ते ग्लॅब्राटा, असा झटपट निवाडा होऊ लागला. हिरव्यात डब्लिनिएन्सिसही येतो. १९९५ मध्ये डब्लिनमध्ये एचआयव्हीबाधितांच्या तोंडातून मिळालेल्या नमुन्यांवरून ही प्रजाती वेगळी केली गेली, आणि तिलाही कोंब फुटतो, तिलाही क्लॅमिडोस्पोअर येतात. गुलाबी आणि जांभळट छटांत ग्लॅब्राटा, पॅरासायलोसिस आणि जुन्या रंगीत माध्यमावरचा ऑरिस यांची गल्लत होते. शिवाय रंग दिवसागणिक बदलतो, दोन पाळ्यांतले दोन तंत्रज्ञ एकाच कॉलनीला दोन नावे देऊ शकतात. हे सारे खरे. पण ही चूक माध्यमाची आहे की एकाच माध्यमावर विसंबण्याची? डब्लिनिएन्सिस ४५ अंशांवर वाढत नाही, अल्बिकन्स वाढतो. एक उबवणी पेटी आणि दोन दिवस, एवढ्यात संशय फिटतो. ग्लॅब्राटा फक्त ग्लुकोज आणि ट्रेहालोज पचवतो, त्यामुळे साखरेच्या नळ्या त्याला उघडे पाडतात. ऑरिसला निळसर वलय देणारी नवी क्रोमोजेनिक माध्यमे आली आहेत, आणि १० टक्के मीठ घातलेल्या द्रवमाध्यमात ४० अंशांवर इतर यीस्ट मागे पडत असताना ऑरिस तग धरतो, हे पाहून त्वचेच्या नमुन्यांसाठी तसे माध्यम वापरले जाते. रंगाला पहिला इशारा समजावे, निकाल नाही. आणि प्रत्येक नव्या खेपेबरोबर ज्ञात प्रजातींचे नमुने शेजारी लावून रंग तपासावा. हा नियम जुना आहे, पाळला जात नाही ही गोष्ट वेगळी. पॅरासायलोसिसच्या जवळच्या भावंडांना, ऑर्थोसायलोसिस आणि मेटासायलोसिस यांना, माध्यमे वेगळे करू शकत नाहीत, हेही कबूल. तिथे यंत्र किंवा जनुकीय अनुक्रमच हवा.

वेळेचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी तपासला जातो. रक्तात कँडिडा असलेल्या रुग्णाचा प्रत्येक तास मोलाचा असतो यात वाद नाही. पण तो वेळ कुठे जातो ते पाहा. रक्ताच्या बाटलीत यीस्ट वाढून यंत्राचा दिवा लागायला एक-दोन दिवस जातात, आणि शरीरात खोल कँडिडा असलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत तो दिवा लागतही नाही. यातला कोणताही दोष मॅल्डी-टॉफ दूर करत नाही, कारण तिलाही आधी वाढलेला यीस्ट लागतो. बाटलीतून थेट ठसा घेण्याच्या पद्धती आहेत, पण त्यांनाही बाटलीतली वाढ लागतेच. दिवा लागल्यावर ग्रॅम-रंगकाम करून ‘यीस्ट दिसते’ हे डॉक्टरांना फोनवर कळवायला अर्धा तास लागतो, आणि उपचाराची पहिली मात्रा त्या फोनवरच सुरू व्हायला हवी. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या कॉलनीवर जर्म ट्यूब, तोवर रंगीत प्लेटवर छटा, आणि कॉर्नमीलवरचे वाचन त्यापुढच्या दोन दिवसांत. यंत्राने एक-दोन दिवस वाचतात, हे खरे आणि मोलाचे आहे. पण तेवढ्यासाठी माध्यमे बंद करावीत हे त्यातून निघत नाही. ज्या चाचण्या खरोखर लवकर इशारा देतात, बीटा-डी-ग्लुकानसारख्या, त्या प्रजाती सांगत नाहीत आणि जिवंत यीस्टही हाती देत नाहीत. तो नसेल तर औषध-संवेदनशीलता तपासायची कशावर, आणि दोन रुग्णांना झालेला संसर्ग एकाच उगमाचा आहे का हे जुळवायचे कशाशी?

क्रिप्टोकॉकसचे उदाहरण इथे चांगले बोलते. मणक्यातल्या पाण्यात किंवा रक्तात त्याचे प्रतिजन शोधणारी पट्टी आज काही मिनिटांत उत्तर देते, आणि निदानासाठी तीच पहिली निवड आहे. एचआयव्हीच्या रुग्णांत तिने कितीतरी जीव वाचवले. तरीही कारळ्याच्या अगारचे काम संपत नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश स्टाइब यांनी १९६२ मध्ये दाखवले की ग्विझोशिया ॲबिसिनिका या वनस्पतीच्या बियांच्या अर्कावर क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स तपकिरी होतो. ही बी म्हणजे आपले कारळे, कोणी खुरासणीही म्हणतात, ज्याची चटणी घरोघरी होते. त्यातल्या कॅफिक आम्लापासून हा यीस्ट आपल्या लॅकेज विकराने मेलॅनिन बनवतो. कँडिडा बनवत नाही, त्यामुळे तो शेजारी पांढराच राहतो. थुंकीसारख्या मिश्र नमुन्यात, कबुतरांच्या विष्ठेत, झाडांच्या ढोलीत क्रिप्टोकॉकस शोधायचा तर या अगारची जागा दुसरे काही इतक्या स्वस्तात घेत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उपचारानंतर प्रतिजन कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते. रुग्ण पुन्हा डोकेदुखी घेऊन आला तर रोग परतला की प्रतिजनाचा उरलासुरला अंश आहे, याचा निवाडा जिवंत वाढीशिवाय होत नाही. आणि निओफॉर्मन्स की गॅटी, हा प्रश्न १९८२ मध्ये क्वॉन-चुंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सीजीबी अगारवर सुटतो: गॅटी असेल तर माध्यम निळे पडते.

उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे, कारण त्यातून माध्यमाचे महत्त्व दुसऱ्या अंगाने कळते. मॅलासेझियाच्या बहुतेक प्रजातींना बाहेरून मेद मिळाल्याशिवाय वाढता येत नाही. शिरेवाटे मेदयुक्त पोषण चालू असलेल्या नवजाताच्या रक्तात तो असू शकतो, आणि साध्या सॅबुरो प्लेटवर काहीही उगवत नाही. रिपोर्ट ‘वाढ नाही’. प्लेटवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर दिला, किंवा डिक्सनचे माध्यम लावले, की तोच यीस्ट उगवतो. कोणत्या नमुन्याला कोणते माध्यम, हा विचार ज्या प्रयोगशाळेने सोडून दिला तिथे कोटींचे यंत्रही काही ओळखणार नाही, कारण त्याच्यासमोर ठेवायला कॉलनीच नसेल.

राहता राहिला खर्चाचा आणि सोयीचा मुद्दा. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांसाठी यंत्राची किंमत हा विषय असेल. पण जिल्हा रुग्णालय, तालुक्याच्या गावातली खासगी लॅब, नवे वैद्यकीय महाविद्यालय यांच्यापुढचा पर्याय मॅल्डी-टॉफ की माध्यमे असा नसतोच. त्यांच्यापुढे असते माध्यमे किंवा काहीच नाही. सगळ्यांनी नमुने मोठ्या केंद्राकडे पाठवावेत, हा उपाय वरकरणी रास्त वाटतो. पाठवायला हवेच, चंदीगडची पदव्युत्तर संस्था किंवा दिल्लीची वल्लभभाई पटेल छाती संस्था अशा ठिकाणी त्या कामाची मोठी परंपरा आहे. पण काय पाठवायचे हे कोण ठरवणार? प्रत्येक यीस्ट कुणी पाठवत नाही, आणि पाठवूही नये. निवड करायला संशय यावा लागतो आणि संशय प्लेटवरूनच येतो. पाठवायचा तो शुद्ध, एकाच प्रजातीचा स्ट्रेन लागतो. एकाच रुग्णाच्या नमुन्यात दोन यीस्ट एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही. साध्या प्लेटवर दोन्ही पांढरेच, तंत्रज्ञ त्यातली एक कॉलनी उचलतो, यंत्र त्या एकीचे बिनचूक नाव सांगते आणि दुसरा यीस्ट बिनघोर निसटतो. रंगीत प्लेटवर हिरव्याशेजारी गुलाबी ठिपका दिसला की ही फसगत टळते. म्हणून ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनीही त्याच्या आधी ही प्लेट लावावी, हे माझे म्हणणे सोयीसाठी केलेली तडजोड नाही.

शेवटचा आक्षेप कौशल्याचा: कॉर्नमीलवरचे तंतू वाचणारे हात आणि डोळे आता उरले नाहीत, मग आग्रह धरून काय उपयोग? यात कारण आणि परिणाम उलटे मांडले आहेत. महिन्याला दोन-चार यीस्ट वाचणाऱ्याचे कौशल्य टिकते. ‘कँडिडा स्पीशीज’ लिहून थांबणाऱ्याचे वर्षभरात जाते. ते टिकवायला फार काही लागत नाही. एका साध्या लॅबमधून रक्ताच्या नमुन्याबद्दल असा रिपोर्ट निघू शकतो: जर्म ट्यूब निगेटिव्ह, कॉर्नमीलवर तंतू नाहीत, युरिएज निगेटिव्ह, ४२ अंशांवर वाढ आहे, सुक्रोज पचवतो, म्हणजे ग्लॅब्राटा संभवत नाही, ऑरिसचा संशय, शुद्ध स्ट्रेन संदर्भ प्रयोगशाळेकडे रवाना. यात अंतिम नाव नाही. पण हा कागद हाती पडताच डॉक्टर फ्लुकोनॅझोलचा विचार सोडून देतील, परिचारिका रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवतील आणि शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांच्या काखेतून, जांघेतून स्वॅब घेतले जातील; संदर्भ प्रयोगशाळेचे उत्तर यायला आठवडा लागला तरी.